मेणाची अकरा डोकी

३ जून

चिरंजीव मेण्यास ताईचे आशीर्वाद, दरवर्षीएवढेच. रागावले आहे, पण त्यात काटछाट केलेली नाही.

वर्तमानपत्रातली तुझी मुलाखत वाचली. तुझे मेहुणे दुपारी पान घेऊन आले आणि म्हणाले, "घ्या, तुमच्या दिवट्याचा फोटो आलाय." अर्धं पान! मी आधी हात धुतले, मगच घेतलं. चौकातला तो नवा पुतळा आणि शेजारी तू, दाढीत पांढरं शिरलेलं. पुतळ्याचे ओठ जरासे उघडे. खाली लिहिलंय, यांच्या पुतळ्यांची तोंडं पाहिली की वाटतं आता बोलतील. मी ते पान देवापुढे ठेवलं आणि मनात म्हटलं, बघ बाबा, आम्ही काय वाढवलंय ते.

मग पुढचं वाचलं. तुला विचारलं, हे सगळं आलं कुठून? तू म्हणालास, "आमच्या घरात कलेचा गंधही नव्हता. बालपणानं मला काही दिलं नाही. मी स्वतःला स्वतःच घडवलं."

असं का? मग चौथ्या वर्षी आई गेल्यावर तुझं नाक पुसलं कोणी, तेही स्वतःच?

मी मॅट्रिक झालेली बाई. कलेतलं मला कळत नाही. पण त्या घरात काय होतं आणि काय नव्हतं हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तेराव्या वर्षापासून सामानाची यादी मी ठेवत होते. खिडकीशी लांब बाक होता. त्यावर आपले बाबा सात डॉक्टरांसाठी कवळ्या करत. समोर छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. लोकांच्या घरी बरण्या, आपल्या घरी जबडे. तुझे शाळेतले मित्र दारातूनच पळायचे.

आणि तो खेळ विसरलास? जेवण झालं की बाबा फळीवरचा एक जबडा काढून तुझ्या हातात द्यायचे. "सांग मेण्या, हा माणूस कसा आहे?" तू सहा वर्षांचा. अंगठा फिरवून म्हणायचास, "हा डाव्या बाजूनं चावतो. चिडका आहे. दात झिजलेत." बाबा म्हणायचे, "बरोबर. पोस्टमास्तर." मग तू मेणाचा गोळा घेऊन त्या जबड्यावर गाल चढवायचास, ओठ लावायचास. न पाहिलेल्या माणसाचं तोंड नुसत्या दातांवरून! पोस्टमास्तर स्वतः आले तेव्हा ते मेणाचं डोकं पाहून म्हणाले, "हा मीच. पण इतका रागीट?" त्यावर बाबा म्हणाले, "आरसा घरी आहे ना?"

हे काही मिळणं नव्हे का? अर्ध्या पानात एक ओळ बसली नसती?

असो. लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या महिन्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात त्यांनी जेवणाआधी कवळी काढून कागदी रुमालात गुंडाळली आणि ताटाच्या कडेला ठेवली. झाडणारी आली, ताट उचललं, रुमाल कचऱ्यात. तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं केलेली कवळी गेली. मी कचऱ्याचे तीन डबे उपसले. मिळाली नाही.

बाबा ब्याऐंशीचे आहेत, हात कापतात. आता नवी त्यांना स्वतःला करता येत नाही. तुला येते. आठवडाभर ये. तू फोन नंबर कधी दिला नाहीस, पत्ताच दिलास, म्हणून पत्र.

तुझी ताई

१६ जून

चि. मेण्यास आशीर्वाद.

उत्तर नाही. कामात असशील.

इथलं सांगते. आमच्या गल्लीत दातांची डॉक्टरीण आहे, चुणचुणीत पोरगी. तिनं बाबांचं माप घेऊन कारखान्यातून कवळी करून आणली. बाबांनी घातली, आरशात पाहिलं, काढली, पुसून डबीत ठेवली आणि म्हणाले, "छान आहे. ज्याची आहे त्याला देऊन टाका."

पोरगी बिचारी हिरमुसली. "आजोबा, काय चुकलं?"

"चुकलं काहीच नाही, तेच चुकलं. सगळे दात कसे शिपायांसारखे ओळीत उभे. तोंडात माणूस कुठाय?"

हे सगळं दात नसलेल्या तोंडानं. अर्धं तिला कळलं, अर्धं मी सांगितलं. तेव्हापासून पाव दुधात भिजवून, बटाटा कुस्करून, सफरचंद किसून. तेही दोन घास घेतात आणि ताट सरकवतात. लोकांसमोर जेवत नाहीत, कारण गाल आत जातात. ज्या माणसानं साऱ्या गावाची तोंडं भरून दिली, त्यानं गाल खपाटीला गेलेले दाखवायचे? त्यांचा ताठा मला कळतो. माझ्यातही तोच आहे आणि तुझ्यात तर दुप्पट. मी दर सोमवारी त्यांचं वजन वहीत लिहिते. सत्तावन्न होतं, आता त्रेपन्न आहे. डॉक्टर म्हणाले, पन्नासच्या खाली गेलं तर भरती करावं लागेल, मग नळीनं अन्न. बाबा म्हणाले, "नळी घालून घेईन, पण कारखान्याची कवळी नाही."

तुझे मेहुणे परवा जेवताना बोलून गेले, "चणे आहेत तर दात नाहीत." बाबांनी असं पाहिलं की हे उठून पाणी प्यायला गेले.

"मग कोणाची घालाल?" मी विचारलं.

"माझ्या बाकावर बसलेल्या हाताची."

तुझं नाव घेतलं नाही. घेणारही नाहीत. पण त्या बाकावर दुसरं कोण बसलं?

तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. तू एकोणीस वर्षांचा होतास. कलाशाळेच्या निवडीसाठी मेणाची अकरा डोकी केली होतीस. सोमवारी ती दाखवायची होती. शुक्रवारी संध्याकाळी तू घरी आलास तर फळी रिकामी आणि कढईत वितळलेलं मेण. तू ओरडलास, "कोणी केलं हे?" बाबा बाकावरून न उठता म्हणाले, "मी. मेण हवं होतं." तू पिशवी भरलीस आणि निघालास. दगडाच्या वखारीत हमाली केलीस, तिथून छिन्नी धरलीस, तिथून इथवर आलास. मला सगळं माहीत आहे. तुझं वर्षाचं एक पत्र मी पाठ केलेलं असतं.

पण मेण तेव्हा खरंच कमी होतं. एका वधूच्या आईची कवळी शनिवारी द्यायची होती. काटकसरीच्या घरात असं होतं. त्यावर जास्त लिहीत नाही.

ये. अठ्ठावीस वर्षं पुरे झाली.

ताई

२७ जून

चि. मेण्यास,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. "ताई, तुला स्वतःला काही हवं असेल तर मध्यरात्री उठून येईन. त्यांच्यासाठी येणार नाही. ज्या हातांनी माझी डोकी वितळवली, त्याच हातांनी दात करून घ्यावेत."

मी ते पत्र देवाजवळ ठेवून तिथेच बसले. दुपारचा चहाही केला नाही. यांनी दोनदा डोकावून पाहिलं आणि स्वतःच केला. सव्वीस वर्षांच्या संसारात दुसऱ्यांदा.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "काय म्हणतो?"

"कामात आहे म्हणतो."

"असणारच. मोठं काम आहे त्याचं."

मग मी उठले आणि मागच्या खोलीतल्या बाकावरचं कापड काढलं. बाबा आमच्याकडे आले तेव्हा बाकही आणला होता. त्यावर मी इतकी वर्षं इस्त्रीचे कपडे ठेवत होते. बाबांना म्हटलं, "मी करते."

"तू?"

"मी. नाहीतर काय, देव येणार आहे का करायला?"

ते हसतील असं वाटलं होतं. नाही हसले. बराच वेळ माझे हात बघत राहिले आणि म्हणाले, "चष्मा बदलून घे आधी."

तुला वाटत असेल की मी फक्त भाकऱ्या थापत होते. तू शाळेत असायचास तेव्हा प्लास्टर कोण कालवत होतं? पितळी साचे कोण घासायचं? फक्त बाकावर कोणी बसवलं नाही, मीही बसायला मागितलं नाही. मला उभ्यानं सगळं दिसायचं.

डॉक्टरणीनं पुन्हा माप घेऊन दिलं. बाकाबरोबर आलेल्या सामानात बाबांचा तीस वर्षांपूर्वीचा जबडा होता, पण त्याचा उपयोग नाही. हिरड्या आटतात. दोन्ही शेजारी ठेवले तर एक बाप आणि एक मुलगा वाटतात. मी मेणाचे पट्टे बसवले, त्यात दात उभे केले. ओठ किती वर जातो ते कळायला माणूस हसायला लागतो, आणि बाबांना हसवायचं कोणी? यांनी ते काम अंगावर घेतलं. ऑफिसातल्या साहेबाच्या टोपाची गोष्ट सांगितली, वाऱ्यानं टोप उडून शिपायाच्या टेबलावर पडला ती. बाबा नुसते हुं म्हणाले. हे कंटाळून म्हणाले, "सासरेबुवा, आता हसा नाहीतर तुमची मुलगी मलाच रोज बटाटा कुस्करून घालेल." तेव्हा हसले. मी पेन्सिलीनं खूण केली.

बाबांना डोळ्यानं अजून नीट दिसत नाही, पण अंगठा फिरवून सगळं सांगतात. "हा बाहेर. हा वळव. अगं, दात लावतेस की कुंपण?" माझे डोळे भरून आले. छप्पन्न वर्षांच्या बाईला असं बोलतात का? पण मी काढले आणि परत लावले. चार वेळा.

मग घोटाळा केला. तो तुला सांगते, हसू नकोस. हिरडीची गुलाबी पूड कालवून साच्यात दाबली आणि साचा पाण्यात उकळायला ठेवला. पाणी अगदी हळू तापवायचं असतं, दीड तास. पण माझा स्वयंपाकघरातला नियम तुला माहीत आहे. मोठा गॅस, उकळी फुटली की बंद, झाकणाखाली आपोआप होतं. अर्धा गॅस वाचतो. तीस वर्षं त्या नियमानं काही बिघडलं नाही. साचा उघडला तर टाळूभर बुडबुडे, जाळीदार पावासारखे.

बाबांनी अंगठा फिरवला. "गॅस वाचवलास?"

"हो."

"पोरी, तुझी काटकसर कधीतरी कोणाचा तरी घात करणार."

ते सहज बोलले. मी मात्र जेवले नाही. पुन्हा पहिल्यापासून करायला घेतलं आहे. वजन बावन्न.

ताई

५ जुलै

मेण्या,

आशीर्वाद लिहीत नाही. हे पत्र वाचून तुला तो हवा आहे का ते आधी ठरव.

तुझी डोकी मी वितळवली.

हे वाक्य लिहायला मला अठ्ठावीस वर्षं आणि आजची सकाळ लागली. देवापुढे रोज बसते, पण त्याला कधी हे सांगितलं नाही. त्याला माहीत आहे म्हणून सांगायची गरज नाही, अशी स्वतःची समजूत घातली. मोठी सोयीची भक्ती.

मागच्या पत्रात मेण कमी होतं असं लिहिलं. तेही खोटं. माळ्यावर मेणाची अर्धी पेटी होती. घरात काय किती आहे हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? वहीत माझ्याच अक्षरात नोंद आहे, पेटी अर्धी, माळा. आज काढून पाहिली.

खरं ते असं. तू सोमवारी जाणार होतास. निवडला जाणार यात मला शंका नव्हती, कारण मी ती डोकी पाहिली होती. गेलास तर परत येणार नाहीस, हेही कळत होतं. तेराव्या वर्षी मी तुला कडेवर घेतलं. मॅट्रिकचा अभ्यास तुला पायांवर झोपवून केला. दोन स्थळं तुझ्यासाठी परत पाठवली. अठ्ठाविसावं लागलं होतं आणि माझं असं म्हणण्यासारखं तुझ्याशिवाय काही नव्हतं. बाबा डॉक्टरकडे कवळी पोचवायला गेले होते. मी कढई ठेवली. एकेक डोकं उचलून आत सोडलं. घाईत नाही, चांगलं बघून. पोस्टमास्तर. शेजारची आजी. अकरावं अर्धवट होतं, ते माझं होतं हे मी ओळखलं. ते सगळ्यात आधी सोडलं, नाहीतर पुढची सोडवली नसती.

बाबा परत आले तेव्हा कढई चुलीवरच होती. त्यांनी कढईत पाहिलं, मग माझ्याकडे. बाकावर जाऊन बसले. मग तू आलास आणि ओरडलास, आणि ते म्हणाले, "मी."

तू गेल्यावर मी त्यांना विचारलं, असं का केलंत? ते म्हणाले, "आई गेलीय त्याची. बाप नको झाला तरी चालेल, ताई नको व्हायला नको."

बस. यापेक्षा जास्त आम्ही त्या विषयावर आजवर बोललो नाही. तुझी वर्षाची पत्रं मला आली. माझ्या आजारपणात तू पाठवलेलं गरम पांघरूण मला आलं. तुझी सगळी माया चुकीच्या पत्त्यावर येत राहिली आणि मी सही करून घेत राहिले.

तू लिहिलंस, ज्या हातांनी डोकी वितळवली त्याच हातांनी दात करावेत. तुला माहीत नव्हतं तू कोणाला हुकूम देतोयस. मी तो पाळते आहे. म्हणूनच बाकावर बसले. हे तुला कळायलाच हवं होतं, नाहीतर कवळी पुरी झाली असती आणि मी पुन्हा गप्प बसले असते.

क्षमा मागायची पद्धत मला माहीत आहे, पण ती मी वापरत नाही. क्षमा मागितली की समोरच्याला द्यावी लागते. तुला काही द्यावं लागू नये. बाबांवरचा राग मात्र काढून घे. तो त्यांचा नाही.

तुझी बहीण

१३ जुलै

मेण्या,

उत्तर आलेलं नाही आणि मी वाट पाहत नाही. काम झालं ते कळवते, कारण ते कळवण्यासारखं आहे.

कवळी झाली. दुसऱ्या खेपेला मी साच्याजवळ स्टुलावर बसून राहिले, बारीक गॅस, दीड तास, जपाची माळ हातात. पण मन सगळं पातेल्यात. देव समजून घेईल, त्यालाही कामाची माणसं लागतात. टाळू काचेसारखी निघाली. एक बुडबुडा नाही.

दात घासून, चकाकी आणून बाबांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा फिरवला. वरची, मग खालची. समोरचा उजवा दात मी मुद्दाम शेजारच्यावर जरासा चढवला होता, त्यांचा मूळचा होता तसा. माझ्या लहानपणच्या आठवणीतून. बाबांचा अंगठा तिथे थांबला.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. मी तुमच्यासमोर बसून जेवले आहे पंचवीस वर्षं."

त्यांनी घातली. आरशाकडे गेले नाहीत. स्वयंपाकघरात गेले, पावाचा कडक शेवट उचलला आणि चावला. कर्र् असा आवाज झाला. हे बाहेरच्या खोलीतून ओरडले, "झाली का?" मी म्हटलं, "झाली!" एवढ्या मोठ्यानं मी लग्नातही बोलले नव्हते.

बाबांनी तो पूर्ण तुकडा संपवला आणि मगच तोंड उघडलं. म्हणाले, "हे माझ्या बाकाचं काम आहे."

मेण्या, मी आयुष्यात कशाचा गर्व केला नाही, गर्व पाप आहे असं मानते. त्या दिवशी केला. पोटभर केला. अजून करते आहे. डॉक्टरीण पाहायला आली, उलटसुलट करून म्हणाली, "काकू, माझ्याकडे आणखी दोन आजी आहेत, कारखान्याचे दात परत करणाऱ्या." मी म्हटलं, "पाठव." विचारायला यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तुझी मुलाखत परत वाचली. तू म्हणतोस, बालपणानं काही दिलं नाही. मलाही असंच वाटत होतं, की मला तिथून फक्त काम मिळालं. पण ते दात माझ्या हातात कुठून आले? मीही त्याच खोलीत वाढले, मेण्या. चांगलंही तिथूनच आलं, आणि कढई ठेवणारा हातही तिथेच तयार झाला. निवडून घेता येत नाही.

जेवल्यावर बाबांना सांगितलं की तुला सगळं लिहिलं आहे. इतके चिडले की नवी कवळी सुटेल असं वाटलं. "तुला कोणी विचारलं होतं? माझं मी बघत होतो!" मी म्हटलं, "माझं मीही बघणार." दोन दिवस अबोला होता. पण जेवत होते. वजन साडेत्रेपन्न.

ताई

२ ऑगस्ट

चि. मेण्यास आशीर्वाद. आता लिहिते.

तू काल गेलास. घरात तुझ्या तंबाखूचा वास आहे. तंबाखू सोड.

तू न कळवता आलास म्हणून स्वयंपाक साधाच होता. दार मीच उघडलं. तू माझ्याकडे पाहिलंस, पायातलं काढलंस आणि माझ्या बाजूनं आत गेलास. बाबा बाकाशी बसले होते. मी स्वयंपाकघरात येऊन नळ मोठा सोडला, म्हणजे मला ऐकू येऊ नये.

पण नंतरचं ऐकलं. बाबांनी कवळी काढून तुझ्या हातात दिली. तू खिडकीशी नेलीस. तुझा अंगठा फिरला, वरची, मग खालची. मला दारातून दिसत होतं. तुझ्या दाढीखेरीज काही बदललं नव्हतं. तू म्हणालास, "डावा सुळा केसभर आत हवा होता."

"मीही तेच म्हटलं तिला," बाबा म्हणाले.

"पण समोरचा चढलेला दात बरोबर आहे."

"तो तिचा. मी सांगितलेला नाही."

"तोंडात माणूस आहे," तू म्हणालास.

हे वाक्य तू कुठून आणलंस? बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पदराला हात पुसत होते, कोरडेच होते.

पुढचे चार तास तुमचे सुळ्यावरून भांडण्यात गेले. दोघंही माझ्या कामाच्या चुका काढत होतात आणि मला ऊर भरून येत होता. असं कोणाला सांगितलं तर वेडी म्हणतील. तुझे मेहुणे मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "तुम्हाला नावं ठेवतायत आणि तुम्ही हसताय काय?" मी म्हटलं, "दोन कारागीर माझ्या कामावर भांडतायत. तुमच्या फायलीवर कधी कोणी भांडलं होतं?"

माझ्याशी तू एक शब्दही बोलला नाहीस. जाताना बाबांच्या पाया पडलास, यांना हात जोडलेस, माझ्यासमोर उभा राहिलास, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर केलीस आणि गेलास.

यांना वाईट वाटलं. मला नाही वाटलं असं म्हणणार नाही. पण हिशेबानं ते बरोबर आहे. राग अठ्ठावीस वर्षं चुकीच्या माणसाकडे राहत होता, आता स्वतःच्या घरी आला. मी त्याला सांभाळीन. मला सांभाळायची सवय आहे.

बाबांचं वजन पंचावन्न. डॉक्टरणीच्या पहिल्या आजीचं माप आलं आहे. बाई हसरी आहे, ओठ वरपर्यंत जातो, काम सोपं नाही. सुळा केसभर आत घेणार आहे.

पुढच्या महिन्यात ये. बाबा रविवार म्हणाले. राग हवा तेवढा ठेव, घेऊनच ये. मी वाढायला उभी राहीन आणि आणखी हवं का ते विचारीनच, ते काही मी सोडणार नाही. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. नुसती मान हलवलीस तरी मला किती वाढायचं ते कळतं.

तुझी ताई